मनगटाला सोसेल तेवढं पाणी

मित्रांनो, मी कोण आहे ते कळलं की तुम्ही दोन पावलं मागं सराल. म्हणून आधीच सांगून टाकतो. मी मयताला अंघोळ घालायच्या पाण्याचं घंगाळ आहे. तांब्याचं, दोन कड्यांचं, दोन हंडे पाणी सहज मावेल एवढं.

लोकांना माझी किळस येते. औरंगाबादच्या छावणीतली पोरं माझ्या खोपीवरून जाताना थुंकायची आणि पळायची. त्याचा मला कधी राग आला नाही. पोरंच ती. पण मित्रांनो, किळस मलाही येते. मेलेल्यांची नाही. मेलेलं माणूस कोणाला काही करत नाही, निमूट पडून असतं. मला किळस येते ती जिवंत माणसांच्या एका सवयीची, आणि तेच सांगायला मी आज बसलो आहे.

माझा जन्म कोकणात अलिबागेकडं एका तांबटाच्या घरी झाला. त्यानं पत्रा तापवला, ठोकला, परत तापवला, परत ठोकला. शेवटी लहान हातोडीनं मला सगळीकडून मठारलं. त्या हातोडीचे गोल ठसे अजून माझ्या अंगावर आहेत. मला विकत घेतलं एका बेने इस्राएल हवालदारानं. बेने इस्राएल म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या कोकणात राहिलेले यहुदी. बोलायचं मराठी, बायकांनी नेसायचं लुगडं, आणि शनिवार आला की हातातलं काम खाली ठेवायचं. तिकडं त्यांच्यातल्या पुष्कळांचे तेलाचे घाणे होते, म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणायचं. हा हवालदार मात्र पलटणीत गेला. त्याची बदली निजामाच्या मुलखात झाली तेव्हा इकडं रेल्वे नव्हती. नांदगाव स्टेशनावर उतरून त्याची बायको शेगुलाबाई बैलगाडीनं औरंगाबादला आली. वाटभर तिनं मला मांडीशी धरलं होतं, आणि माझ्यात तिची आमसुलं, सुकी मासळी आणि तीन महिन्यांचं पोर होतं.

पहिली दहा वर्षं मी जिवंत माणसांचं घंगाळ होतो. शेगुलाबाईनं तीन लेकरं माझ्या पाण्यानं वाढवली. कढत पाणी माझ्यात ओतायचं, गार पाणी घालून विसणायचं, आणि पोराच्या अंगावर पहिला तांब्या जायच्या आधी आपलं मनगट बुडवून पाहायचं. तळहात नाही, मनगट. ती म्हणायची की बाईचा तळहात चुलीपाशी मरून गेलेला असतो, तो खोटं बोलतो. मनगट खरं बोलतं.

मग हवालदार तापानं गेला. छावणीत तेव्हा बेने इस्राएलांची नऊ घरं होती आणि मयतासाठी वेगळं भांडं कोणाकडंच नव्हतं. त्यांच्यात मयताला डोक्यापासून पायापर्यंत नीट अंघोळ घालतात, पांढरं कफन घालतात आणि त्याच दिवशी दफन करतात. शेगुलाबाईनं न्हाणीतून मला उचलून अंगणात आणलं. कोणीतरी चुलीवरचं कढत पाणी तसंच माझ्यात ओतलं आणि तांब्या भरला. तिनं तांब्या भरणाऱ्याचा हात धरला, गार पाणी मागितलं, आणि पाण्यात मनगट घातलं.

दाऊदजी म्हणून एक कारकून होते, पुढं ते समाजाचे मुकादम झाले. ते हळूच म्हणाले, "बाई, त्याला आता काय कळतंय?"

"मला कळतंय ना," शेगुलाबाई म्हणाली.

मयताला वापरलेलं भांडं घरात परत नेत नाहीत. त्या दिवसापासून मी समाजाचा झालो. प्रार्थनेची एक भाड्याची खोली होती, तिच्या मागं मला एक खोप मिळाली, कुलूप मिळालं, आणि किल्ली शेगुलाबाईच्या कमरेला लागली. पुरुष गेला की पुरुष मला घेऊन जायचे. बाई गेली की शेगुलाबाई यायची. तिला लिहितावाचता येत नव्हतं. प्रार्थनेतला इब्री, म्हणजे हिब्रू, भाषेचा एकच शब्द तिला अर्थासकट ठाऊक होता. कामोखा. म्हणजे आपल्यासारखं. त्यांच्या धर्मात एक आज्ञा आहे, की माणूस स्वतःला जसा जपतो तसं त्यानं आपल्या सोबत्याला जपावं. ही आज्ञा म्हणजे सगळ्या धर्माचा पाया, असं दाऊदजी मुकादम दर वर्षी समजावून सांगायचे, आणि भिंतीपलीकडून मी ऐकायचो. आवाज चांगला होता त्यांचा. शेगुलाबाईला एवढं बोलता येत नसे. ती मनगट पाण्यात घालायची आणि म्हणायची, "कामोखा. माझ्या हाताला चटका, तर तिच्या पाठीला चटका."

अंघोळ झाली की मयताच्या पायाशी वाकून माफी मागायची त्यांची रीत होती. आमच्या हातून काही चुकलं असेल, हात जड पडला असेल, तर माफ कर. शेगुलाबाई ते शब्द न चुकता म्हणायची. माझं त्या वर्षांत कौतुकही पुष्कळ झालं. चिंच लावून घासलेलं माझं तांबं पाहून बायका म्हणायच्या, आपल्यालाही शेवटी ह्याच घंगाळातलं पाणी मिळो.

आता ती सवय सांगतो.

ह्या मूठभर लोकांतही दोन जाती होत्या. एक गोरे इस्राएल, एक काळे इस्राएल. कातडीच्या रंगाशी ह्याचा काही संबंध नव्हता. दाऊदजी मुकादम स्वतः चांगले काळेसावळे होते आणि ते गोरे होते. ज्यांच्या घरात कधीकाळी बाहेरची बाई आली, पणजी असो, खापरपणजी असो, ते काळे. देव तोच, शनिवार तोच, प्रार्थना तीच. पण काळ्यांनी खोलीत मागं बसायचं, गोऱ्यांच्या पंगतीत जेवायचं नाही, त्यांच्या भांड्याला हात लावायचा नाही. आणि काळ्यांचं मयत झालं तर माझी किल्ली निघायची नाही. त्यांच्यासाठी घासलेटचा एक रिकामा डबा होता.

छावणीत काळ्यांची दोनच घरं होती. एक होतं मुसाजी सुताराचं. मयताला ज्यावर निजवायचं ती फळी ह्याच मुसाजीनं केली होती. सागाची, पाणी निथळावं म्हणून एका बाजूला जरा उतरती, आणि मानेखाली हलकी खोबण, म्हणजे डोकं कलंडायला नको. सगळ्यांनी फळीची तारीफ केली. फळी माझ्या शेजारी खोपीत आली. पुढच्याच वर्षी मुसाजीची आई गेली, आणि त्याला ती फळी मिळाली नाही. त्यानं घराचं दार बिजागरीतून काढलं, त्यावर आईला निजवलं, डब्यानं अंघोळ घातली, आणि दुसऱ्या दिवशी दार परत बसवलं. सुताराच्या हातानं केलेली फळी बाटत नाही, पण सुताराची आई निजली की बाटते. मित्रांनो, नीट पाहा म्हणजे तुमच्याही लक्षात येईल. ज्याची गरज असते ते कधीच बाटत नाही.

खरं सांगायचं तर तेव्हा मला किळस येत नव्हती. मीही त्या रितीत मुरलो होतो. आपण गोऱ्यांचं घंगाळ, ह्याचा मला थोडा गर्वच होता.

मुसाजीची बायको मिल्का जालन्याची. हसरी, हाडापेरानं मजबूत, बोलायला फटकळ. शेगुलाबाईचं वय झालं तसे तिचे दोन्ही हात बधिर होत गेले. आधी बोटं, मग मनगटं. एकदा चुलीतला निखारा तिच्या हाताला चिकटला तो तिला वास आल्यावर कळला. पाण्याचा अंदाज घ्यायला आता दुसरं मनगट लागत होतं. गोऱ्यांच्या लेकीसुना मयताच्या पाण्याला हात लावायला तयार नव्हत्या. मिल्का आधीपासून बाहेर चूल पेटवायला, लाकडं आणायला यायचीच. शेगुलाबाईनं तिला जवळ बोलावलं आणि मनगट घालायला सांगितलं.

मिल्का म्हणाली, "मावशी, घंगाळ बाटंल की तुमचं."

शेगुलाबाई म्हणाली, "तू घाल. कोणी विचारलं तर मी सांगेन."

कोणी विचारलं नाही. बारा वर्षं मिल्काचं मनगट माझ्या पाण्यात येत राहिलं आणि गोरी बायकापोरं त्या पाण्यानं न्हाऊन मातीत गेली. काम झालं की मुकादमांच्या घरून चहा यायचा. शेगुलाबाईला पितळी पेल्यात. मिल्काला कान तुटलेल्या एका कपात. तो कप मुकादमांच्या दाराबाहेर कोनाड्यात असायचा. वरून चहा ओतायचा, ती प्यायची, आपला आपण धुवायची आणि कोनाड्यात पालथा घालायची. शेगुलाबाईही, मयताशेजारी मिल्काच्या खांद्याला खांदा लावून बसणारी शेगुलाबाई, मिल्काच्या माठातलं पाणी कधी प्यायली नाही. मिल्का तिला मावशी म्हणायची, ती मिल्काला पोरी म्हणायची, आणि मध्ये तो कप होता.

मिल्काच्या भिंतीला भिंत लावून बिल्किस राहायची, कल्हईवाल्याची बायको. तिची जीभ धारेची. ती एकदा मिल्काला म्हणाली, "चौदा घराँ हैं तुमारे सारे औरंगाबाद में. उसमें बी दो जातां? गिनती करने को हाथ-पाँव की उंगलियाँ जादा पडतीं." मिल्का पोट धरून हसली. घरी जाऊन तिनं ते मुसाजीला सांगितलं, तर तो हसला नाही. तो कमी बोलणारा माणूस. तो रंध्याला धार लावत राहिला. हे सगळं मिल्काच मला घासताना सांगायची. घासताना ती माझ्याशी बोलायची, ही तिची खोड होती.

मग मानमोडीची साथ आली. त्या वर्षी दारफळणीचा सण नुकताच झाला होता. त्या दिवशी बेने इस्राएल उपास करतात, दारं लावून घेतात, आणि कळत नकळत झालेल्या चुकांची एकमेकांकडे माफी मागतात. खोलीत मुकादमांनी मोठ्या आवाजात सगळ्यांची माफी मागितली. सगळे एकमेकांकडे वळले. मागच्या बाकावर बसलेल्या मुसाजीकडं कोणी वळलं नाही. तो उठून मिल्काकडं वळला.

पंधरा दिवसांत छावणीत घरोघर माणसं आडवी झाली. ताप, खोकला, आणि तिसऱ्या दिवशी मान टाकायची. ज्यांना जमलं ते, काळ्यांचं दुसरं घरही, शहराबाहेर माळावर झोपड्या टाकून राहिले. गोऱ्यांच्या घरांत तीन आठवड्यांत सात बायका गेल्या. अंघोळ घालायला कोणी पुढं येईना. शेगुलाबाई भिंतीला टेकून सांगायची आणि मिल्का करायची. एकटी. मुकादमांची आईही तिनंच धुतली. अंथरुणाला खिळलेल्या म्हातारीच्या अंगावर फोड होते आणि घरातली माणसं अंगणाच्या टोकाला नाकावर पदर धरून उभी होती. मिल्कानं पाण्यात मनगट घातलं, अजून एक तांब्या गार पाणी मागितलं, आणि म्हणाली की फोडांना पाणी कोमटच लागतं. त्या दिवशीही चहा कान तुटलेल्या कपातच आला. ती उभी होती तिथं मागाहून पाणी शिंपडलं गेलं.

मी तांबं आहे. मला उलटी होत नाही. झाली असती तर त्या दिवशी झाली असती. म्हातारीच्या फोडांनी नाही. त्या शिंपडलेल्या पाण्यानं.

सातवीला धुऊन आल्यावर मिल्काला ताप भरला. चौथ्या दिवशी, शुक्रवारी सकाळी, ती गेली.

शुक्रवार म्हणजे घाई. सूर्य बुडाला की शनिवार लागतो, मग दफन करता येत नाही. मुसाजी दुपारी प्रार्थनेच्या खोलीच्या अंगणात आला, माझ्या खोपीसमोरच. मुकादम संध्याकाळचे दिवे पुसत बसले होते. मुसाजीला दोनच गोष्टी हव्या होत्या. मिल्काला तिच्या लोकांतल्या बाईच्या हातची अंघोळ, आणि मी.

मुकादमांनी आवाज चढवला नाही. ते फार गोड बोलले. मिल्कानं समाजासाठी खूप केलं, म्हणाले. ती देवाघरचं माणूस होती, म्हणाले. पण बायका घाबरल्या आहेत. तिघींना ताप आहे, एकीचं पोर अंगावर पितं, आणि त्यांच्या स्वतःच्या बायकोला वैद्यानं बाहेर पडू नको म्हटलं आहे. जीव जपणं हीसुद्धा देवाचीच आज्ञा. आणि घंगाळ तर समाजाचं. आज ते दिलं तर उद्या कोण आपलं माणूस त्यातून न्हाऊ घालील? मग त्यांनी भिंतीशी ठेवलेला घासलेटचा डबा उचलला आणि मुसाजीच्या पायाशी ठेवला. धुऊन ठेवला होता. तेवढी काळजी त्यांनी आधीच घेतली होती.

मुसाजी डब्याकडं पाहत म्हणाला, "सात जणींना तिनं ह्याच घंगाळातून न्हाऊ घातलं. तुमच्या आईला घातलं. तवा तिचे हात काळे नव्हते का?"

"ती नड होती, मुसाजी."

"व्हय. आज माझी नड हाय."

मुकादम दिवा पुसत राहिले. मुसाजी तिथंच उभा राहिला. त्याच्याकडं दुसरं काही करायला नव्हतं. दार परत बिजागरीतून काढता आलं असतं, ते त्याला ठाऊक होतं. पण तो हलला नाही. ऊन भिंतीवरून उतरू लागलं होतं.

तेवढ्यात काठीचा आवाज आला. शेगुलाबाई येत होती. तिला कोणी निरोप दिला नव्हता. निरोप द्यायला मिल्काच असायची, आणि चार दिवस मिल्का फिरकली नाही म्हणून शेगुलाबाई स्वतः निघाली होती. खोपीपाशी येऊन तिनं मुसाजीच्या पायाशी डबा पाहिला आणि कमरेची किल्ली सोडायला घेतली. बोटांना गाठ कळेना. मुकादम उठले आणि म्हणाले, किल्ली माझ्याकडं द्या, बाई. तिनं कमरेला खोचलेलं पदराचं टोक तोंडाजवळ नेलं, दातांनी गाठ सोडली आणि किल्ली मुसाजीच्या हातावर ठेवली.

"उघड," ती म्हणाली. मग मुकादमांकडं न बघताच म्हणाली, "दिवस बुडायला चार तास आहेत, दाऊदजी. तुम्ही तुमचे दिवे पुसा."

मुसाजीनं मला डोक्यावर घेतलं आणि फळी काखेत. छावणीच्या रस्त्यानं भर दुपारी आम्ही निघालो. दारं उघडली, लोकांनी पाहिलं, दारं लागली. अर्ध्या वाटेवर बिल्किस धावत आली. तिनं माझी एक कडी धरली आणि मला त्याच्या डोक्यावरून उतरवलं. पुढची वाट मी दोघांच्या मध्ये लोंबत गेलो. माझ्या दोन कड्या दोन माणसांनी धरायच्या असतात, हे मी विसरूनच गेलो होतो.

घरात मिल्काचंच एक लुगडं आडवं बांधून पडदा केला. नवऱ्यानं बायकोला अंघोळ घालायची त्यांच्यात रीत नाही, म्हणून मुसाजी पडद्याबाहेर राहिला. बिल्किसनं चूल पेटवली, आडाचं पाणी आणलं. परक्या धर्माच्या बाईनं हात लावलेला चालतो की नाही, ते मला ठाऊक नाही. शेगुलाबाईनं विचारलं नाही आणि मीही विचारलं नाही. फळी मांडली, मिल्काला निजवलं. मानेखालची ती खोबण मुसाजीनं कोणासाठी केली होती, ते त्याला करताना कळलं नसेल.

कढत पाणी माझ्यात पडलं, मग गार. शेगुलाबाईनं सवयीनं मनगट बुडवलं आणि थांबली. तिला काहीच कळेना. बिल्किसचे हात चुलीच्या निखाऱ्यांनी लाल झाले होते, त्यांनाही अंदाज आला नसता. तेव्हा शेगुलाबाईनं मला पडद्याच्या कडेला ओढायला लावलं.

"मुसाजी," ती म्हणाली, "माझे हात मेलेत. तुझं मनगट घाल."

"मी, मावशी? मी आत येऊ नाय ना."

"तू नको येऊस. मनगट येऊ दे."

लुगड्याखालून त्याचा हात आला. लाकडाच्या भुशानं भरलेला, नखं फुटलेला. त्यानं आधी हात बाहेरच धुतला, मग मनगट माझ्यात घातलं. जरा जास्त हाय, म्हणाला. बिल्किसनं एक तांब्या गार घातलं. त्यानं पुन्हा पाहिलं. अजून अर्धा तांब्या.

मग तो म्हणाला, "हां. तिला एवढंच लागायचं."

आणि त्यानं हात काढला नाही. मला कितीतरी मनगटं ठाऊक आहेत. पोरांच्या आईचं, बारा वर्षं मिल्काचं. हे मनगट किती वेळ माझ्या पाण्यात राहिलं, ते मी तुम्हाला सांगणार नाही. पाणी निवायला लागलं तेव्हा शेगुलाबाईनं लुगड्यावरूनच त्याच्या खांद्यावर हात ठेवला. मग त्यानं हात काढला.

तीन वेळा मी भरलो, तीन वेळा त्याचं मनगट आलं. बिल्किस पाणी घालत होती, शेगुलाबाई सांगत होती. डोक्याकडून, मग उजवी बाजू, मग डावी. कफन झालं. मग शेगुलाबाई पायाशी वाकली. पंचवीस वर्षं ती माफीचे शब्द पाठ म्हणत आली होती. त्या दिवशी तिला ते सापडेनात.

"मिल्का, पोरी," ती शेवटी म्हणाली, "तुझ्या हातचं पाणी मी कधी प्याले नाही. त्यात तुझं काही चुकलं नव्हतं."

उठून तिनं बिल्किसकडं मिल्काच्या माठातलं पाणी मागितलं. बिल्किसनं माठच उचलून पुढं ठेवला. ज्या घरात मयत होतं त्या घरातलं भरलेलं पाणी ओतून टाकायचं, अशी ह्या लोकांची रीत. शेजारीण म्हणून बिल्किसला ती ठाऊक होती आणि सकाळीच तिनं माठ रिकामा केला होता. शेगुलाबाईनं माठात हात घालून पाहिलं. तिच्या हाताला कोरडं-ओलं काही कळत नव्हतं, म्हणून तिनं पुन्हा पाहिलं.

दफनाच्या प्रार्थनेला दहा पुरुष लागतात. ते आले. मुकादमही आले, नाकाला अत्तराचा रुमाल लावून, कबरीपासून दहा हात दूर उभे राहिले. हे बिल्किसला तिच्या नवऱ्यानं सांगितलं, आणि तिनं मला घासताना सांगितलं. मिल्काची खोड आता तिला लागली होती. मुकादम दोन शब्द बोलले म्हणे. कामोखा म्हणजे काय हे मिल्काबाईंनी आपल्याला जगून दाखवलं, असं म्हणाले. आवाज चांगलाच आहे त्यांचा. मुसाजी माती लोटत राहिला. मग शनिवार लागायच्या आत सगळे घरी गेले, दिवे लावले आणि जेवायला बसले.

मित्रांनो, माणूस वाईट असतो ह्याची मला किळस येत नाही. वाईट माणसं असायचीच. मला किळस येते ती त्या रुमालाची. चांगले शब्द तोंडात घोळवायचे आणि माणूस जवळ आला की नाकाला अत्तर लावायचं. शिव्या देणाऱ्या तोंडाला एवढी घाण येत नाही.

पुढच्याच आठवड्यात मी बाटलो असं ठरलं. समाजानं मयतासाठी लोखंडाच्या दोन बादल्या घेतल्या. मी मुसाजीच्या अंगणात पडलो. माझ्यावर हिरवी पूड चढली. बिल्किसची कोंबडी माझ्यात अंडी घालू लागली. मुसाजी काम करायचा, भाकरी करायचा, जळालेली खायचा, आणि माझ्याकडं बघायचा नाही. मी ते समजू शकत होतो.

थंडीत शेगुलाबाई गेली. जाण्याआधी तिनं सगळ्यांना बजावलं होतं की अंघोळ त्याच घंगाळातून, आणि फळी तीच. मेलेल्याचा शब्द मोडायला लोक भितात. जिवंताचा मोडायला भीत नाहीत. सकाळी मुकादम स्वतः मुसाजीच्या फाटकाशी आले. आत आले नाहीत. बाईंची शेवटची इच्छा, म्हणाले, तू समजूतदार आहेस.

नाही म्हणायचा मुसाजीला हक्क होता, आणि त्यानं नाही म्हणावं असं मला वाटत होतं. लोखंडाच्या बादलीनं न्हाऊ घाला म्हणावं, आणि फाटक लावून घ्यावं. पण तो आत गेला, चिंच भिजत घातली, राख घेतली, कोंबडी उठवली. त्यानं मला इतकं घासलं की तांबटाच्या हातोडीचा एकेक ठसा मोजता यावा. मग मला डोक्यावर घेतलं.

त्या दिवशी अंघोळ घालायला पाच बायका आल्या. साथ गेली होती ना. मुसाजी पडद्याबाहेर बसला आणि कोणी सांगायच्या आधीच त्यानं लुगड्याखालून हात आत केला. बायका एकमेकींकडं बघत राहिल्या. मावशीला कडक पाणी सोसायचं नाही, एवढंच तो म्हणाला. एकीनं उठून गार पाणी आणलं.

सगळं झाल्यावर मुकादमांच्या बायकोनं त्याला चहा दिला. कोनाड्यातल्या कान तुटलेल्या कपात, वरून ओतून. मुसाजीनं कप हातात घेतला, फिरवून पाहिला. प्यायला नाही. चहा मातीत ओतला, कप धुतला, आणि तिच्या हातात दिला. तिला घ्यावाच लागला.

"हा मिल्काचा हाय," तो म्हणाला. "ती दर वेळी धुऊन ठेवायची. आता तुम्ही ठेवा."

आणि मला उचलून तो घरी आला.

आता मी त्याच्या न्हाणीत असतो. हो मित्रांनो, मयताच्या घंगाळातून तो रोज अंघोळ करतो. छावणीतल्या लोकांना त्याची फार किळस येते. येऊ द्या. तो कढत पाणी ओततो, विसणतो, आणि पहिला तांब्या अंगावर घ्यायच्या आधी मनगट बुडवून थोडा थांबतो. अंग त्याचं, पाणी त्याचं, पाहायची काही गरज नाही. तरी थांबतो.

तुम्हाला माझं एवढंच मागणं आहे. घरात कोणी म्हातारं, आजारी, लहान असेल आणि त्याच्यासाठी पाणी काढायची वेळ आली, तर आधी आपलं मनगट घाला. तळहात नको. आणि ते कोण आहे, कोणाचं आहे, आपल्यातलं आहे की बाहेरचं, हे त्या वेळी मनगटाला विचारू नका. त्याला ते कळत नाही. त्याला फक्त पाणी कळतं.